‘चड्डी घालून डोंगर चढत नसतात’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. रात्री राग आला, सकाळी थोडी लाज वाटली. मधल्या वेळात तुमचं शेवटचं वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं, ती अजून हसून राहिली आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या आठवड्यात मी ट्रेकसाठी पुरुषांनी हाफ पँट कशी निवडावी यावर लिहिलं होतं. कॉटन अजिबात नको, नायलॉनचीच घ्या, बाराही महिने चालते, असा एकूण सूर. त्यावर काकांचं म्हणणं असं: १९ वेळा नागद्वारी (पचमढीच्या डोंगरातली नागपंचमीच्या सुमाराची पायी यात्रा) केली, एकदाही चड्डीची गरज पडली नाही. आजोबा धोतरावर तिथलाच चौरागडाचा डोंगर चढले. कापूस पिकवणाऱ्या विदर्भात बसून कॉटनला नावं काय ठेवता? उघड्या पायांनी पोरांना गवतात पाठवून राहिले, स्क्रब टायफस विसरले का? आणि शेवटी, "तीन हजाराची चड्डी घालून डोंगर चढत नसतात, फोटो काढत असतात."

आधी माझी चूक. ‘बाराही महिने’ हे दोन शब्द मी लिहायलाच नको होते. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपुरात आणि आसपासच्या गावांत स्क्रब टायफसनं माणसं गेली. तेव्हा पेपरात रोज वाचत होतो, आणि लिहायला बसलो तेव्हा आठवलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांनी वाचा: हा ताप डासानं येत नाही. गवतात-झुडपात राहणाऱ्या, डोळ्याला जेमतेम दिसेल अशा किड्याची पिल्लं चावतात, त्यातून येतो. चावलेलं कळतही नाही. दहा-बारा दिवसांनी ताप भरतो आणि अंगावर कुठेतरी काळी खपली दिसते. दिसलीच तर. ती बहुधा काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली, म्हणजे आपण कधी बघत नाही तिथे असते.

तेव्हा पाऊस लागल्यापासून दिवाळी होईपर्यंत गवतातल्या वाटेवर पूर्ण पँट, तीही मोज्यात खोचलेली. दिसायला बावळट दिसते, दिसू द्या. जेवायला गवतावर बसायचं नाही, दगड शोधायचा नाहीतर चटई टाकायची. घरी आल्या आल्या आंघोळ, आणि कपडे खुर्चीवर न टाकता सरळ गरम पाण्यात. नंतर ताप आलाच, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता ‘गवतात फिरून आलो’ हे आपणहून सांगा. हे सगळं मूळ लेखात आज टाकलं आहे.

दुसरी चूक तुमच्या नजरेतून सुटली, मीच सांगून टाकतो. हाफ पँट म्हणजे थंड, असं मी गृहीत धरलं होतं. आपल्या कातडीचं तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड आहे तोवर उघड्या पोटरीला वारा लागला की बरं वाटतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, ४५ अंशांवर तोच वारा भट्टीच्या तोंडचा असतो, आणि उघडा पाय जास्त तापतो, कमी नाही. शेतातला माणूस दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, अंग झाकून, सैल कपड्यात काम करतो, ते उगाच नाही. आम्ही मे महिन्यात रामटेकला जातो तेव्हा पहाटे साडेपाचला पायऱ्यांना लागतो आणि नऊच्या आत खाली येऊन चहा पितो. हाफ पँटची वेळ ती. उन्हात चालायचंच असेल तर पातळ, सैल, पूर्ण पायजमा बरा, आणि तो कॉटनचा.

हो, कॉटनचा. इथे तुमचं अर्धं बरोबर आहे. पण उरलेल्या अर्ध्यावर मी अडून बसणार आहे, काका.

तुमच्या घरी कूलर असेलच. मे महिन्यात तो खोली अशी गार करतो की पहाटे चादर ओढावी लागते. तोच कूलर, तीच टाकी, तेच वाळ्याचे पडदे. जुलैत लावून बघा. खोली दमट होते, पापड नरम पडतात, अंग चिकचिकतं, आणि कूलर बिघडला म्हणून आपण मोटारीकडे बघत बसतो. बिघडलेलं काही नसतं. मे मधली हवा कोरडी असते, ती वाळ्यातलं पाणी पिऊन टाकते आणि पिताना गार होते. जुलैतली हवा आधीच पोट भरून आलेली असते.

कॉटनची हाफ पँट म्हणजे मांडीला बांधलेला वाळ्याचा पडदा. फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ती घाम शोषते, वाऱ्यावर सुकवते आणि तुम्हाला गार ठेवते. या काळासाठी कॉटनला नावं ठेवली ती मी मागे घेतो. पण नागद्वारी श्रावणात असते! कॉटन नुसत्या हवेतूनच आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओल धरून बसतं. नायलॉन धरतं साधारण ४ टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यात वरून पाऊस आला की कॉटन सुकत नाही, जड होतं, मांडीला चिकटतं, आणि मग सुरू होतं ते काचणं.

हे पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मीही नागद्वारी केली, सहा खिशांचा कॉटनचा बर्मुडा घालून. पहिला तास पावसात मजेत गेला. तिसऱ्या तासाला मी बदकासारखा पाय फाकवून चालत होतो. लोखंडी शिडीवर पाय वर उचलला की जांघेतली ओली शिवण करवतीसारखी फिरायची. मागून एक आजोबा येत होते, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, पायात रबरी चपला. त्यांनी माझी चाल बघितली, काही विचारलं नाही. पिशवीतून दिव्यासाठी आणलेल्या तेलाची बाटली काढली आणि म्हणाले, "लाव बे, देव समजून घेते." मी एका मोठ्या दगडामागे जाऊन लावलं. उरलेली वाट त्या तेलावर काढली.

तर धोतर. धोतराला जांघेत शिवण नसते, म्हणून ते काचत नाही. एवढंच गुपित आहे त्यात, आणि ते फार मोठं आहे. साध्या पँटीच्या चार शिवणी बरोबर दोन पायांच्या मधे एका ठिकाणी येऊन मिळतात. चालताना सगळ्यात जास्त घासली जाणारी जागा तीच, आणि कापडाची सगळ्यात जाड गाठही तिथेच. पाय वर उचलला की चारी बाजूंनी ताण त्याच गाठीवर येतो; एक तर ती मांडी सोलते, नाहीतर उसवते. उसवली तर त्यातल्या त्यात बरं म्हणायचं.

त्या यात्रेनंतर तो बर्मुडा मी इतवारीतल्या एका मास्टरकडे घेऊन गेलो. साठीचे, नाकावर चष्मा, गळ्यात टेप. त्यांनी बर्मुडा उलटा केला, जांघेतली गाठ दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाले, "इसमें मियानी किधर है?" मला मियानी ठाऊक नव्हती. त्यांनी बाजूच्या ढिगातून एक पायजमा ओढला, उलटा करून दाखवला. दोन पायांच्या मधे पतंगाच्या आकाराचा एक वेगळा तुकडा. शिवणी त्या तुकड्याच्या कडेनं गेलेल्या, मधोमध गाठ नाहीच. मग त्यांनी ब्लेडनं माझ्या बर्मुड्याची जांघ उसवली, त्याच्याच एका फालतू खिशाचं कापड काढून तळहाताएवढी मियानी बसवली, आणि शिवण दोन्ही बाजूंनी दाबून सपाट केली. १२० रुपये. कापड तेच जाड कॉटन, त्यामुळे पावसात तो मी परत नेला नाही. पण उन्हाळ्याच्या पहाटे अजून तोच घालतो आणि एकदाही काचला नाही.

महागड्या कंपन्या ‘खास ट्रेकिंग कट’ म्हणून जे विकतात त्यातला निम्मा भाग ही मियानीच असते, काका. आपल्या पायजम्यात ती कधीचीच आहे. तीन हजारांबद्दल तुम्ही बोललात ते म्हणून मला लागलं नाही. मूळ लेखात मी कापडावर चार परिच्छेद लिहिले आणि शिवणीवर एक ओळ, हे उलट व्हायला हवं होतं. दुकानात गेलात की लेबल नंतर वाचा. आधी चड्डी उलटी करा आणि जांघेत बघा. पतंग दिसला तर पुढे जा. गाठ दिसली तर कंपनी कितीही मोठी असो, ठेवून द्या, नाहीतर मास्टरचे पैसे धरून हिशोब करा.

मग ट्रायल रूममध्ये दोन गोष्टी. उकिडवं बसायचं, पूर्ण, टाचा टेकवून. मागून कंबर खाली सरकली किंवा पुढून बटण पोटात घुसलं तर ती नको. आणि एक पाय तिथल्या स्टुलावर ठेवून बघायचा. गडाच्या मोडक्या पायऱ्या तेवढ्या उंच असतातच. मांडीवर कापड ताठलं तर तीही नको. आरशात बघायची गरज नाही. आरशासमोर उभं राहिलं की सगळ्याच चड्ड्या चांगल्या दिसतात.

कमरेला नुसतं इलॅस्टिक असेल तर पाण्याची बाटली आणि फोन खिशात टाकल्यावर ती उतरत जाते. आत नाडी हवीच. जाड चामडी पट्टा मात्र नको: पाठीवरच्या मोठ्या सॅकचा पट्टा बरोबर कमरेच्या हाडावर बसतो आणि बक्कल मधे दाबलं जातं. संध्याकाळी तिथे बक्कलाचा छाप उठलेला असतो. खिसा एकच चेनचा, मांडीच्या बाजूला, अंगाला घट्ट. लोंबत्या खिशात फोन टाकला की तो प्रत्येक पावलाला घंटेसारखा मांडीवर आपटतो.

कुसळाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण एका पोट्ट्यानं खाली विचारलं आहे. कुसळ उघड्या कातडीवर टिकत नाही, ओरखडा काढून जातं. ते अडकतं मोज्यात आणि ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडात. घट्ट विणलेल्या गुळगुळीत नायलॉनला कमी लागतं. कॉटनमध्ये घुसलेलं कुसळ मात्र धुऊनही निघत नाही, एकेक करून उपटावं लागतं. माझी आई हे काम टीव्ही बघत करायची आणि मला शिव्या देत.

आता लांबी. इथे मी तुमच्या बाजूनं आहे, पण कारण वेगळं आहे. पुण्या-मुंबईकडचे ट्रेकर मांडीपर्यंतची आखूड शॉर्ट घालतात, तिकडे ठीक असेल. आपल्याकडे चढायला टेकडी म्हटली की वर देव बसलेला असतो. रामटेकला राम, अदासाला गणपती, आंभोऱ्याला महादेव, गिरडला बाबा फरीद. २०२३ मध्ये नागपुरातल्या काही मंदिरांनी कपड्यांबद्दलच्या पाट्याही लावल्या. पाटी नसली तरी गाभाऱ्यात पुजाऱ्यानं खालपासून वरपर्यंत बघितलं की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. म्हणून आपल्या भागात मी गुडघा झाकणारीच घ्या म्हणेन: जांघेच्या शिवणीपासून खालच्या काठापर्यंत ११ इंचांच्या आसपास, उंच माणसाला थोडी जास्त. किंवा गुडघ्याला चेन असलेली, खालचा भाग काढता-जोडता येतो ती. तिची चेन गुडघ्याच्या वाटीवर येत नाही ना, एवढं बसून बघायचं. पावसाळ्यात खालच्या वाटेला पाय जोडलेले, वरच्या पायऱ्यांना काढलेले, देवळात परत जोडलेले. थोडा खटाटोप आहे, पण तुमची स्क्रब टायफसची तक्रारही त्यातच मिटते.

आणि हो, हाफ पँटमध्ये बाहेर पडलो की आमच्या गल्लीत अजून कोणीतरी "काय, शाखेत का?" विचारतंच. संघानं २०१६ मध्ये फुल पँट घेतली, गल्लीला अजून खबर नाही.

किमतीचं शेवटचं. माझ्याकडे आज तीन आहेत. एक तो मियानीवाला बर्मुडा, मार्च ते जूनसाठी. एक साधी नायलॉनची, त्यात थोडं ताणणारं कापड मिसळलेलं, चेनवाली; सेलमध्ये घेतली, तीन हजारांच्या बरीच खाली. तिसरी फोटो काढायची. ती खरंच महाग आहे, तिला मियानी नाही, आणि ती घालून मी एकदाही डोंगर चढलो नाही. तुम्ही ओळखलंत कसं, तेच मला कळून नाही राहिलं.

एक विचारायचं राहिलं. त्या शिड्यांवर त्या आजोबांचं धोतर एकदाही पायात आलं नाही. गुडघ्यावर खोचायची ती काही खास रीत आहे का? तुमच्या आजोबांना चौरागडावर तुम्ही पाहिलं असेल, तर इथे खाली लिहा. घरी मी दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा जिन्यातच सुटलं.