पोरानं लपायचं की पळायचं?

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या कट्ट्यावर परवा हा विषय निघाला तो माझ्या पोरामुळे. सहा वर्षांचा आहे. दुपारी काडेपेटी घेऊन जिन्याखाली बसला आणि रद्दी पेटली. बायकोनं घागर ओतून विझवली, पण पोरगा दहा मिनिटं सापडेना. आई मारेल म्हणून कपाटामागं बसला होता.

"दोन ठेवून द्यायच्या होत्या की," आप्पा म्हणाले. "आमच्या आईनं तापलेली पळी हाताजवळ आणून दाखवली होती. पुन्हा चुलीकडं फिरकलो नाही."

मास्तर एरवी आवाज चढवत नाहीत, परवा चढवला. "तो आगीला भ्यालाच नव्हता, आप्पा. आईला भ्याला होता. रद्दीच्या जागी गादी असती तर धुरात तिथंच बसून राहिला असता!"

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

मास्तरांचं म्हणणं, मार राहू दे, कृती शिकवा. धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगत रांगत दार गाठायचं. कपडे पेटले तर पळायचं नाही. पळालं की ज्वाळा वाढते. जागीच थांबायचं, आडवं व्हायचं, तोंड झाकून लोळायचं. दप्तरासाठी परत आत जायचं नाही. भाजलं तर गार पाण्याच्या नळाखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट नको, बर्फही नको.

तात्यांनी बरोबर अडवलं. "धुरात रांगा म्हणता. पण सिलिंडरचा गॅस जड, तो खालीच पसरतो की."

"म्हणून दोन्ही वेगवेगळं सांगायचं. धूर दिसला की रांगायचं. नुसता गॅसचा वास आला तर उभ्यानं सरळ बाहेर. दिव्याचं बटण लावायचं नाही, बंदही करायचं नाही. ठिणगी दोन्हीत पडते."

आप्पांचं एक मात्र मला पटलं: काडेपेटी वरच्या फळीवरच हवी. शिकवलं म्हणून पोराच्या हाताशी ठेवायची नाही.

फोनचं मीच काढलं. ११२ पाठ करून घेतलाय, पण पलीकडचा माणूस कन्नड बोलला तर पोरगा गोंधळेल. आप्पांनीच वाक्य दिलं, "बेंकी हत्तैती," म्हणजे आग लागलीय. पुढं गल्लीचं नाव. घराबाहेर पडल्यावरच, शेजाऱ्यांच्या फोनवरून. आणि सगळ्यांनी जमायचं ते कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली, म्हणजे कोण आत राहिलं ते लगेच कळतं.

तात्या गप्प झाले होते. त्यांच्या घरात पुढं विणायचा माग, मागं स्वयंपाकघर. सुताचे गठ्ठे परसदाराला टेकवलेले, आणि त्या दाराची कडी नातीच्या हाताला येत नाही. चहा अर्धा टाकून उठले. मीही गेलो बरोबर. गठ्ठे हलवायला दोघं लागतात. कडी खाली बसवायला सुतार उद्या सकाळी येतोय.