टाकी स्वच्छ केल्याचा दिनांक

गेल्या शनिवारी आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. तीर्थप्रसादाला २२ माणसे आली आणि त्यांतल्या बहुतेकांनी, देवाला नमस्कार करून झाल्यावर, माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयापुढे उभे राहून काचेवर चिकटवलेला एक कागद मोठ्याने वाचला. 'टाकी स्वच्छ केल्याचा दिनांक' असे त्यावर वळणदार सरकारी अक्षरात लिहिलेले होते, पुढे दोन टिंबे होती आणि टिंबांपुढची जागा कोरी होती. त्या कोऱ्या जागेच्या बरोबर मागे, काचेच्या आत, बोटभर लांबीचे हिरवे शेवाळ पंपाच्या लाटेबरोबर सुटलेल्या अंबाड्यासारखे डुलत होते. एका लहान मुलीने "आई, ह्यात मासे कुठे आहेत?" असे विचारले आणि आईने तिला डोळ्यांनी गप्प केले. मुलीचा प्रश्न मी सहन केला असता. ते गप्प करणे मात्र अजून सलते आहे.

कागद आमच्या मामेसासऱ्यांनी लावला होता. ते मालवणचे; एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात ३६ वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले, आणि गेले तीन महिने न्यू जर्सीत आमच्या घरी मुक्कामाला असलेले. ज्यात पाणी साठते ती त्यांच्या लेखी टाकी, आणि टाकी म्हटली की तिच्यावर धुतल्याची तारीख हवी. ७५ गॅलनचे, म्हणजे सुमारे २८४ लिटरचे, तीन वर्षे खपून उभे केलेले माझे प्रवाळाचे मत्स्यालय त्यांनी आल्या दिवशी चष्मा कपाळावर सरकवून सर्व बाजूंनी पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "जावईबापू, ह्याचा वॉशआउट, म्हणजे तळाचं पाणी सोडायचं तोंड, कुठंय?"

ज्याच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे, अशा माणसाला घरात समुद्र तयार करण्याची कृती समजावून सांगणे हे एक अपमानास्पद काम आहे. आधी नळाच्या पाण्यातले सगळे विरघळलेले पदार्थ काढायचे, कारण त्यात फॉस्फेट आणि सिलिकेट असू शकते व त्यावर शेवाळ पोसते; त्यासाठी आरओ (पडद्यातून गाळणे) आणि डीआय (उरलेले क्षार शोषून घेणे) असे दोन टप्पे करून, विरघळलेले पदार्थ मोजणारा टीडीएसचा मीटर शून्य दाखवेपर्यंत थांबायचे. मग त्याच पाण्यात बादलीतले विकतचे समुद्री मीठ, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, विशिष्ट गुरुत्व १.०२५ येईपर्यंत घालायचे. मामांनी मध्ये एकदाही न बोलता हे ऐकून घेतले. "म्हणजे आधी क्षार काढायचे पैसे," ते सावकाश म्हणाले, "आणि मग क्षार घालायचे पैसे." आमची ही स्वयंपाकघरात उगाचच भांडी जोरात लावू लागली. ती हसत होती, हे मला पाठमोरे असूनही कळले.

शेवाळ वाढू लागले ते मामा आल्यानंतर साधारण महिन्याभराने. ही केवळ कालगणना आहे, असे मी तेव्हा समजत होतो. शेवाळ हा शब्द मराठीत एकच असला तरी प्रकरण एकच नसते. नव्या टाकीत सिलिकेटवर जगणाऱ्या डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर येतो, तो आपोआप जातो. वाळूवर लालसर गिलावा पसरतो, तो खरे तर शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. अब्जावधी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरण्यास ज्यांनी सुरुवात केली त्यांचेच हे वंशज, आणि मी त्यांच्याशी जुन्या टूथब्रशाने लढत असतो. माझ्याकडे ह्या वेळी आलेले होते ते केसाळ हिरवे शेवाळ, डर्बेशिया. त्याचे दिसायला जवळचे भावंड ब्रायॉप्सिस. ते पिसासारखे फुटते आणि त्यावर लोक चक्क माणसाच्या बुरशीवरचे फ्लुकोनाझोल वापरतात. मी भिंग लावून दोन संध्याकाळी ते केस पाहिले आणि हे पीस नसून केसच आहेत असे ठरवले. ह्या निष्कर्षाचा आनंद घरात कोणालाही झाला नाही.

"मोरचूद," मामा म्हणाले. "चिमूटभर मोरचूद टाका. विषय संपला."

त्यांचे चुकत नव्हते, हीच तर अडचण होती. साठवणीच्या पाण्यातल्या शेवाळावर जगभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, वापरतात, आणि कोकणात सुपारीच्या शेंड्यावर पावसाआधी जे बोर्डो मिश्रण मारतात त्यातही चुन्याबरोबर तेच असते. मामांच्या आयुष्यात निळ्या खड्यांनी सोडवला नाही असा पाण्याचा प्रश्न आलाच नव्हता. मी शक्य तितक्या आदराने सांगितले, की तांबे हे गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ ह्यांना विष आहे.

"शेवाळ जाईल ना?" मामांनी विचारले.

"मामा, गोगलगायी मरतील."

"मी शेवाळाचं विचारतोय."

"शेवाळ जाईल, पण प्रवाळही..."

"मासे?"

"मासे बहुतेक वाचतील. माशांच्या काही रोगांवर तांब्याचंच औषध देतात."

"बघा!" मामा माझ्याकडे नव्हे, हिच्याकडे पाहून म्हणाले. जणू चौकशी समितीपुढे मी स्वतःच कबुलीजबाब दिला होता.

मी शेवटचे अस्त्र काढले. टाकीतला खडक तांबे शोषून घेतो आणि पुढे कित्येक महिने ते थोडे थोडे पाण्यात सोडत राहतो, म्हणजे एकदा मोरचूद पडला की त्या खडकावर पुन्हा प्रवाळ ठेवण्याची सोय राहत नाही. मामांचा चेहरा उजळला. "मग तर उत्तमच की! परत परत टाकायला नको."

तो विषय तात्पुरता तहकूब झाल्यावर मी माझा उपाय दाखवला. फॉस्फेट शोषून घेणारे ग्रॅन्युलर फेरिक ऑक्साइड मी एका नळीत भरून त्यातून पाणी फिरवतो. मामांनी दाणे तळहातावर घेतले, चोळले, वास घेतला. "हा गंज आहे," ते म्हणाले. मी म्हणालो, की रासायनिकदृष्ट्या गंजाच्या जवळचेच, पण खास तयार केलेले. किंमत त्यांनी विचारली आणि मी ती सांगण्याची चूक केली. त्या रात्री मालवणला व्हिडिओ कॉल झाला, त्यात जिना चढताना मला मामांचे वाक्य स्पष्ट ऐकू आले: "आपल्या फाटकाचा गंज खरवडून ठेवा रे, इथं डॉलरमध्ये जातोय." त्याच कॉलमध्ये फोन मत्स्यालयाकडे वळवून "जावईबापूंनी शेवाळ पाळलंय" हेही सांगण्यात आले, आणि पलीकडून एका चुलत मेहुण्याने, मनापासून, "बरं वाढलंय की!" असे कौतुक केले.

वास्तविक मामांना प्रवाळ अनोळखी नाहीत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली पोवळी आहेत हे ते लहानपणापासून ऐकत आलेले. भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तिकडे हा छंद मी ह्या स्वरूपात करू शकलो नसतो, असे मी त्यांना सांगितले, तेव्हा "सरकारला अक्कल असते कधी कधी" असा शेरा मिळाला.

मग मी एक घोडचूक केली. शेवाळ आणि प्रवाळ ह्यांचे वैर दाखवण्याच्या भरात, प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात, ते उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात, ही माहिती मी मामांना दिली. बराच वेळ शांतता झाली.

"म्हणजे पोवळ्याच्या पोटातही शेवाळच."

"तसं म्हटलं तर, हो."

"त्याच्यासाठीच हे निळे दिवे?"

"हो."

"म्हणजे," मामा बोटे मोजत म्हणाले, "आतल्या शेवाळाला तुम्ही दिवे लावता, आणि बाहेरच्या शेवाळाला ते दिवे बघू नको म्हणता. भाडं भरतं ते शेवाळ चांगलं. फुकट राहतं ते वाईट."

हे वाक्य आमच्या पाहुण्यांच्या खोलीत तीन महिने राहिलेल्या गृहस्थांच्या तोंडून यावे, ह्यावर मी काहीच बोललो नाही. जावयाला बोलता येत नाही. जावयाला मान असतो असे जे म्हणतात तो मान म्हणजे मुख्यतः तोंड बंद ठेवण्याबद्दलचा आगाऊ मोबदला असावा.

शेवाळ का वाढले, ह्याचे कारण मला रविवारी सकाळी कळले. पूजेच्या दुसऱ्या दिवशी पाण्यावर एक पातळ, तेलकट, इंद्रधनुषी तवंग होता, आणि एरवी दिवसरात्र घाण फेस बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर मख्ख बसला होता. पाण्यात स्निग्ध पदार्थ गेला की स्किमरचा फेस बसतो, एवढे मला ठाऊक होते. पण स्निग्ध पदार्थ जाईल कुठून? मी बाही वर करून हात घातला, खडकावरचे शेवाळ मुठीने उपटू लागलो, आणि त्या हिरव्या केसांच्या गुंत्यातून माझ्या बोटांना एक टपोरा, फुगलेला, फिकट बेदाणा लागला. शेजारच्याच मश्रूम प्रवाळाने कडा दुमडून दुसरा एक बेदाणा कुशीत घेतला होता. वाळूवर रव्याचे कण होते.

"प्रसाद दिला थोडा," मामा म्हणाले. "मुक्या जीवांना नको?"

सव्वा पटीचा शिरा! साजूक तुपातला! मग एकेक करून बाकीचे बाहेर आले. मी सकाळी जेवढे घालतो ते "आजाऱ्याचं जेवण" वाटत असल्यामुळे मामा रोज दुपारी, आम्ही दोघेही कामावर असताना, माशांना डब्यातले दाणे घालत होते. आठ महिने पुरणारा डबा सात आठवड्यांत संपला होता आणि त्याबद्दल मी हिला दोनदा बोललो होतो. शेवाळ खावे म्हणून मुद्दाम आणलेली लॉनमोअर ब्लेनी, म्हणजे नावानेच गवत कापणारी मासोळी, शेवाळाकडे ढुंकूनही का पाहत नाही, ह्याचाही उलगडा झाला. तिने गवतकापणी सोडून जेवणावळ धरली होती. पाणी तपासले तर फॉस्फेट ०.४८ भरले, मी ते ०.१ च्या आत ठेवण्यासाठी धडपडत असतो.

"रोज किती घालत होता?"

"चिमूटभर."

मी त्यांना चिमूट भरून दाखवायला सांगितली. त्या चिमटीत पाचही बोटे होती.

"दुपारी ह्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं हो," मामा मग काचेकडे पाहत म्हणाले. "हे आपले तोंड वासून माझ्याकडे बघत असतात." ह्यावर रागावणे कठीण होते, म्हणून मला अधिकच राग आला.

खरे सांगायचे तर माझा सगळा राग मामांवर नाही. ह्या छंदात शेवाळाइतके वेगाने वाढणारे दुसरे काही असेल तर ते सल्ले. ज्या दुकानदाराकडे मी सहा महिन्यांपूर्वी गेलो होतो त्याने मला एक बाटली दिली. ती संपल्यावर, त्या बाटलीने जे बिघडले त्यावरची दुसरी बाटली दिली. मेलेले शेवाळ पाण्यातच राहिले तर ते कुजून खाल्लेले सगळे परत पाण्यात सोडते, हे त्याने एका शब्दाने सांगितले नाही. गेल्या वर्षी मी इरेला पेटून नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणले, तर शेवाळ गेले आणि त्या मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट ह्या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा तपकिरी, बुडबुड्यांचा शेंबूड पसरला. म्हणजे उपाशी ठेवले तरी पंचाईत आणि शिरा घातला तरी पंचाईत. कमी घाला, हाताने उपटा, पाणी बदला, चरणारे जीव ठेवा आणि वाट पाहा. ह्या सल्ल्याला बाटली नाही, त्यामुळे तो कोणी देत नाही.

चरणाऱ्या जीवांचे महत्त्व मी मामांना कॅरिबियन समुद्राच्या दाखल्याने पटवले. तिथे १९८३ मध्ये डायाडेमा अर्चिनांत, म्हणजे लांब काट्यांच्या गोलसर समुद्री जीवांत, रोगाची साथ आली, साधारण वर्षभरात ९० टक्क्यांहून अधिक अर्चिन मेले, आणि शेवाळ खाणारे कोणी न उरल्याने जमैकासारख्या ठिकाणी प्रवाळांच्या जागी शेवाळच माजले. मामा गंभीर झाले. "मग तुमच्याकडे खाणारं कोण आहे?" मी १२ गोगलगायी दाखवल्या. त्यांपैकी तीन वाळूवर उताण्या पडल्या होत्या. ह्या एस्ट्रिया जातीच्या गोगलगायी उलटल्या की त्यांना सुलटे होणे फार जड जाते, त्यामुळे रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी हात बुडवून त्यांना उभे करतो. मामांनी ते दृश्य पाहिले आणि "तुमचा कर्मचारीवर्ग असा आहे होय" एवढेच म्हणाले.

रविवारी रात्री आम्ही दोघांनी मिळून पाणी बदलले. मी शेवाळ उपटत होतो आणि मामा नळी धरून उपटलेले लगोलग बादलीत ओढून घेत होते. हे मान्य करायला जीभ जड होते, पण सायफनाचा हात मामांचाच. एक थेंब गालिच्यावर पडला नाही, आणि वाळूचा एक कण बादलीत गेला नाही. ४० लिटर काढले, ४० लिटर घातले. "सगळं का नाही काढत?" हे त्यांनी चार वेळा विचारले आणि चार वेळा मी जिवाणू, प्रवाळ आणि धक्का ह्यांविषयी तेच उत्तर दिले. पाचव्या वेळी विचारले नाही. संपलेल्या डब्याऐवजी आणलेला नवा डबा मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावले. ते त्यांनी पाहिले, मीही पाहू दिले.

सोमवारी सकाळी गोगलगायी सुलट्या करायला गेलो तर काचेवरचा कागद तसाच होता. कोऱ्या जागेत तारीख घातलेली होती, तिच्याखाली मामांची लफ्फेदार सही होती, आणि तारखेपुढे कंसात, त्याच वळणदार अक्षरात, एक शब्द होता: (अंशतः).