‘लागू’ म्हणजे कुठपासून कुठपर्यंत?

कमांडच्या माहितीपानावर सगळ्यात आधी एक गोष्ट हवी: ही कमांड कोणत्या व्हर्जनपासून आली, आणि काढून टाकली असेल तर कोणत्या व्हर्जनमध्ये. उदाहरणं, तक्ते, टिपा सगळं त्यानंतर. बहुतेक पानांवर ही ओळ नसते. काही ठिकाणी असते, पण तिचा अर्थ लावता येत नाही, आणि ते जास्त वाईट.

विंडोजच्या कमांडची पानं बघा. वरच ‘अप्लाइज टू’ अशी यादी असते, त्यात विंडोज सर्व्हरची चारपाच व्हर्जन, विंडोज ११, विंडोज १०. वाचणाऱ्याला वाटतं, यादीतलं सगळ्यात जुनं व्हर्जन म्हणजे कमांडचा जन्म. पण ‘कॉपी’ आणि ‘डिर’ विंडोजच्याही आधीच्या डॉसपासून आहेत, तरी त्यांच्या पानांवर अशीच यादी. कारण सपोर्ट संपला की जुनी नावं यादीतून गळतात. ‘तिथे ही कमांड नव्हती’ आणि ‘तिथे आहे, पण आम्ही आता त्याबद्दल बोलत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी अशा यादीत एकसारख्याच दिसतात.

याने काय बिघडतं? ‘कर्ल’ (नेटवरून माहिती आणणारी कमांड) आणि ‘टार’ (फाइलींचा गठ्ठा बांधणारी) विंडोज १० मध्ये १८०३ या व्हर्जनपासून, म्हणजे २०१८ पासून आले. सर्व्हर २०१९ मध्ये ते आहेत, सर्व्हर २०१६ मध्ये नाहीत. नुसतं ‘विंडोज १०’ लिहिलं की १६०७ या आधीच्या व्हर्जनवाल्या मशीनवर स्क्रिप्ट आडवी होणारच. उलट टोकाला ‘डब्ल्यूएमआयसी’, मशीनची माहिती विचारायची कमांड. विंडोज १० च्या २१एच१ मध्ये ती कालबाह्य जाहीर झाली, आणि विंडोज ११ च्या २४एच२ ची कोरी इन्स्टॉल केली तर ती सापडतच नाही. ऑप्शनल फीचर म्हणून वेगळी टाकावी लागते. मशीनचे सीरियल नंबर गोळा करणाऱ्या किती जुन्या बॅच फाइल तिच्यावर उभ्या आहेत! त्यांना आता पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांड-साधनातलं ‘गेट-सिमइन्स्टन्स विन३२_बायोस’ वापरावं लागतं. म्हणजे ‘विंडोज ११ ला लागू’ हे वाक्य एकाच वेळी खरंही आहे आणि निरुपयोगीही.

हे नीट करता येतं, आणि लोक करतात. कर्लच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक ऑप्शनखाली तो कोणत्या व्हर्जनमध्ये आला ते लिहिलेलं असतं. जेसन प्रकारचा डेटा पाठवणारा ‘--जेसन’ आला ७.८२.० मध्ये. उबुंटू लिनक्सच्या २२.०४ सोबत कर्ल येतो ७.८१.०. एका पायरीने हुकलं! पण ती ओळ आहे म्हणून अर्ध्या मिनिटात कळतं, आणि माणूस ‘--डेटा’ला कंटेंट-टाइप आणि ॲक्सेप्ट असे दोन हेडर (माहितीचा प्रकार सांगणाऱ्या ओळी) जोडून पुढे जातो. पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये फंक्शनच्या नावाखालीच व्हर्जन असतं. पायथनमध्ये ‘३.९ पासून नवीन’ अशी नोंद असते, काढून टाकायच्या गोष्टींचीही.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचं तसं नाही. ‘गिट स्विच’ २.२३ मध्ये, ऑगस्ट २०१९ ला आलं, पण त्याच्या पानाच्या मजकुरात हे वाचायला मिळत नाही. सेंटओएस ७ या लिनक्सवर गिट १.८.३.१ आणि उबुंटू १८.०४ वर २.१७ आहे. तिथे ‘ही गिटची कमांड नाही’ एवढंच उत्तर येतं, आणि नवशिक्याला वाटतं आपलं स्पेलिंग चुकलं. सुरुवातीच्या ब्रँचचं नाव ठरवणारं ‘गिट इनिट -बी’ तर २.२८ चं, उबुंटू २०.०४ वरचं २.२५ सुद्धा ते ओळखत नाही.

नाव तेच पण जात वेगळी, हा तर सगळ्यात फसवा प्रकार. मजकूर बदलणारी ‘सेड’ ही कमांड घ्या: लिनक्सवरचं ‘सेड’ जीएनयूचं, मॅकवरचं बीएसडीचं, म्हणजे दोन वेगळ्या गटांनी लिहिलेलं. मूळ फाइलच बदलणाऱ्या ‘सेड -आय’ला मॅकवर बॅकअपच्या नावाचं शेपूट द्यावंच लागतं. लिनक्सच्या सवयीने ‘सेड -आय -ई’ लिहिलं तर मॅक कुरकुर न करता ‘-ई’ हेच शेपूट समजतो आणि मूळ नावापुढे ते जोडून एक जादा फाइल ठेवून देतो. एरर नाही, म्हणून ध्यानातही येत नाही. ‘सेड -आय.बॅक’ असं चिकटवून लिहिलं की दोन्हीकडे चालतं. बॅकअप नको असेल तर नंतर पुसा. फाइलचा खरा पत्ता सांगणारं ‘रीडलिंक -एफ’ही असंच: मॅकवर ते १२.३ पासून आहे, त्याआधी ‘इल्लीगल ऑप्शन’. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये तर बिझीबॉक्स (कमांडांचा आटोपशीर संच) असतो, तिथे पर्ल-पद्धतीने मजकूर शोधणारं ‘ग्रेप -पी’ नाहीच.

म्हणून इंटरनेटवरचं पान वाचण्याआधी त्याच मशीनवरचं ‘मॅन’ पान (कमांडचं मॅन्युअल) उघडा. ते तिथल्याच पॅकेजसोबत आलेलं असतं. वेबवर शोधलं की बहुधा सगळ्यात नवं पान पुढे येतं, आणि सर्व्हर असतो चार वर्षं जुना. नुसत्या व्हर्जन नंबरवरही विसंबू नका. रेड हॅटसारख्या वितरणांत नंबर जुनाच ठेवून नवे बदल मागे आणले जातात. स्क्रिप्टमध्ये ‘कमांड -व्ही’ने कमांड आहे का ते बघा, मग ऑप्शन प्रत्यक्ष चालवून एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली की नाही ते सांगणारा आकडा) तपासा. हेल्पच्या मजकुरात शोधून तपासणं कच्चं: कर्लच्या ७.७३ पासून ‘--हेल्प’ फक्त निवडक ऑप्शन दाखवतो, सगळे हवे असतील तर ‘--हेल्प ऑल’. ते माहीत नसेल तर असलेला ऑप्शनही ‘नाही’ ठरतो.

आणि दस्तऐवज लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती. ‘नव्या व्हर्जनमध्ये’ असं कधीही लिहू नका, नंबर लिहा. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांना वेगळे रकाने द्या. ‘सपोर्ट संपला’ आणि ‘कधी नव्हतंच’ यांना वेगळे शब्द वापरा. कमांड सिस्टिमसोबत येते की वेगळ्या पॅकेजमधून, तेही सांगा. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं अर्धवट पान दिसलं तर तक्रार जरूर नोंदवा. त्यात सिस्टिमचं नाव, तिचा बिल्ड नंबर, पॅकेजचं व्हर्जन आणि एररची ओळ जशीच्या तशी द्या. ‘माझ्याकडे चालत नाही’ एवढ्यावर कुणाला पान दुरुस्त करता येत नाही. हे चार तपशील असले तर येतं.