प्रायश्चित्त करावं, पण वाटाणे शिजवून

पाप फेडायचंच असेल तर कष्टाने फेडा, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. ऐकू नका. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाला हजारेक वर्षं युरोपभरचे कॅथलिक पायी जात आले आहेत. या हजार वर्षांत माणसाचं डोकं सगळ्यात जास्त कशावर चाललं असेल, तर कमी चालून पूर्ण पुण्य पदरात कसं पाडायचं यावर. तुम्ही निदान ही परंपरा तरी बुडवू नका.

आधी हिशोब समजून घ्या. चर्चच्या लेखी पाप वेगळं आणि पापाची शिक्षा वेगळी, कर्जाची मुद्दल आणि व्याज असावं तसं. मुद्दल पाद्रीबाबांच्या कानात कबुली दिली की माफ होते. गोव्यात याला कुमसार म्हणतात. व्याज मात्र उरतं, ते इथे नाही फेडलं तर मेल्यावर फेडायचं. आता, ज्याच्या थडग्यासाठी लोक सांतियागोला जातात त्या संत याकोबाचा, येशूच्या शिष्याचा, सण 25 जुलैला असतो. ज्या वर्षी त्या दिवशी रविवार येतो ते पवित्र वर्ष. त्या वर्षात सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये जायचं, प्रार्थना, कुमसार आणि कम्युनियन करायचं, की सगळं व्याज माफ. नियम पुन्हा एकदा वाचा. त्यात चालण्याचा उल्लेखच नाही. विमानाने उतरा, टॅक्सीने या, हिशोब तोच. फ्रान्सच्या सीमेपासून 780 किलोमीटर तुम्ही टाचा फोडून घेत येणार, ते निव्वळ हौसेने. शेंगेन व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट छातीशी धरून काढलेले तास मात्र प्रायश्चित्तात धरत नाहीत, आणि हा आपल्यावर सरळसरळ अन्याय आहे.

तरीही चालणारच म्हणता? मग युरोपातला एक जुना किस्सा गाठीला बांधा. दोघा पाप्यांना शिक्षा झाली की बुटात वाटाणे घालून तीर्थाला जा. एक लंगडत, कण्हत चालला होता. दुसरा शीळ वाजवत परत येताना भेटला. "तू वाटाणे घातले नाहीस?" "घातले की. उकडून घेतले."

वाटाणे उकडण्याचा सर्वात जुना प्रकार म्हणजे दुसऱ्याला पाठवणं. मध्ययुगात पैसेवाले लोक मृत्युपत्रात रक्कम ठेवून जात, की माझ्या वतीने कोणीतरी सांतियागोला जाऊन यावं. पाय त्याचे, मोक्ष यांचा. आजच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या शहरांत तर न्यायाधीश गुन्हेगारांनाच यात्रेला धाडत, आणि ज्याला जायचं नसेल त्याच्यासाठी दंडाचा तक्ता तयार असे: अमुक तीर्थ टाळायचं तर इतके, सांतियागो टाळायचं तर इतके. त्याच मुलखात 1982 पासून वाट चुकलेल्या पोरांना कोठडीऐवजी सांतियागोपर्यंत चालवत नेण्याचा उपक्रम सुरू झाला. तो म्हणे चांगला चालला. पण तुम्ही पोर नाही आणि तुमची पापं अल्पवयीन नाहीत, तेव्हा तो मार्ग सोडा.

सामानात एक दगड घ्याच. फोन्सेबादोन गावाच्या वर, सुमारे 1500 मीटर उंचीवर क्रुस दे फेर्रो आहे: लांबलचक लाकडी खांब, टोकाला लहानसा लोखंडी क्रूस आणि बुडाशी यात्रेकरूंनी टाकलेल्या दगडांचा ढीग. दगड घरून आणायचा आणि पापाच्या मानाने आणायचा, अशी समजूत आहे. इथे लोक फसतात. प्रामाणिकपणाच्या भरात मोठा दगड उचलतात आणि पाचशे किलोमीटर वाहतात. तुम्ही खडा न्या. कोणी विचारलंच तर म्हणा, आमची पापं एवढीच. ढिगाऱ्यावर वजनकाटा नाही.

वाटेत सांतो दोमिंगो दे ला काल्सादा चुकवू नका, कारण जिवंत कोंबडा-कोंबडी बाळगणारं कॅथेड्रल पुन्हा बघायला मिळणार नाही. गोष्ट अशी. एक जर्मन जोडपं तरण्याताठ्या मुलाला घेऊन यात्रेला निघालं. खानावळवाल्याची मुलगी त्याच्यावर भाळली, त्याने दाद दिली नाही, तिने त्याच्या झोळीत चांदीचा पेला सरकवून चोर म्हणून बोंब ठोकली. पोराला फाशी झाली. आईबाप रडत रडत सांतियागोला जाऊन आले (यात्रा अर्धवट सोडायची नसते, मुलगा गेला तरी) आणि बघतात तर पोरगा फासावर लटकलेला, पण जिवंत. ते धावत नगराधिकाऱ्याकडे गेले. तो जेवायला बसला होता. म्हणाला, "तुमचा मुलगा जिवंत असेल तर ही ताटातली भाजलेली कोंबडीही जिवंत आहे." कोंबडी उठली आणि आरवली. आता कोणी म्हणेल की कोंबडी आरवत नसते. भाजलेली तर मुळीच नसते, तेव्हा एकदा उठलीच आहे तर हा आक्षेप फार बारीक झाला.

त्या आठवणीसाठी तिथल्या कॅथेड्रलमध्ये संत दोमिंगोच्या थडग्यासमोरच्या भिंतीत, उंचावर, कोरीव दगडी चौकटीचा खुराडा आहे. आत पांढरा कोंबडा आणि कोंबडी, बिचारी अधूनमधून बदलली जातात. तुम्ही आत असताना कोंबडा आरवला की यात्रा सफळ, असं मानतात. म्हणून मोठमोठी सुशिक्षित माणसं माना वर करून, श्वास रोखून उभी असतात आणि कोंबडा शांतपणे पिसं साफ करत बसतो. त्याच्याकडे बघून घसा खाकरू नका, त्याला सगळे डाव माहीत झालेले आहेत.

पाण्याबद्दल सल्ला नऊशे वर्षांचा आहे. बाराव्या शतकातल्या कोदेक्स कालिक्स्तिनस या पोथीत यात्रेकरूंसाठी वाटेची माहिती दिली आहे. तिचा लेखक सांगतो: खारट नदीकाठी दोन नव्हारी (म्हणजे उत्तर स्पेनमधल्या नव्हारा प्रांतातली) माणसं सुऱ्या परजत बसली होती. आम्ही विचारलं, घोड्यांना पाणी पाजू का? म्हणाले, खुशाल. घोडे पाणी पिऊन मेले आणि त्यांनी जागच्या जागी कातडी सोलली. स्थानिकांना विचारून घ्या, हा सल्ला कुठे पाळायचा आणि कुठे नाही, ते यावरून ठरवा. आज त्याच नव्हारामध्ये इराचेला एका वाइनवाल्याने 1991 मध्ये भिंतीला दोन तोट्या बसवल्या, एक पाण्याची, एक फुकट लाल वाइनची. पाण्याच्या तोटीशी गर्दी नसते. (फ्रान्सिस झेवियरही याच नव्हाराचे. मार्चमध्ये तिथले लोक त्यांच्या जन्मस्थानाला पायी जातात. त्यांचं शव मात्र जुन्या गोव्यात आहे आणि तिकडे पायी जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पण मग फेसबुकवर काय टाकणार?)

आता खरी युक्ती. विलाफ्रांका देल बिएर्सो गावात संत याकोबाच्या चर्चला क्षमेचं दार आहे. जो यात्रेकरू इथवर येऊन आजारी पडला आणि पुढे जाऊच शकत नाही, त्याला या दारातच सांतियागोइतकी माफी मिळते, असा जुना रिवाज आहे. सांतियागो इथून अजून पावणेदोनशेहून जास्त किलोमीटर, आणि याच्या पुढ्यातच ओ सेब्रेइरोचा दम काढणारा चढ. ज्याने दारासाठी ही जागा निवडली त्याला माणसाची नाडी कळली होती. कंबर इथेच धरा.

कंबर धड असेल तर सरळ सारियातून सुरुवात करा. माफीला चालणं लागत नसलं तरी यात्रा केल्याच्या प्रमाणपत्राला किमान 100 किलोमीटर चालणं लागतं आणि सारिया आहे 115 किलोमीटरच्या आसपास. म्हणून सर्वात जास्त यात्रेकरू इथेच उगवतात. पाठीवरचं ओझं पुढच्या मुक्कामी पोचवायला स्पेनचं टपाल खातं आहे. चालल्याचा पुरावा म्हणून लागणारे रोजचे शिक्के चर्चमध्ये मिळतात तसे बारमध्येही मिळतात. खरं प्रायश्चित्त रात्री, सार्वजनिक निवाऱ्यात. दहाला दिवे बंद, सव्वादहाला घोरणं सुरू, आणि पहाटे पाचला एक भला माणूस बॅटरी तोंडात धरून प्लॅस्टिकच्या पिशवीतून दुसरी प्लॅस्टिकची पिशवी काढू लागतो. ढेकूण असतील तर त्यांना शिव्या देऊ नका. या वाटेवर निष्ठेने उपास सोडणारे तेवढेच उरलेत.

शेवटच्या दहा किलोमीटरवर लावाकोया लागतं. इथल्या ओढ्यात जुने यात्रेकरू संताच्या प्रेमापोटी अंग धुवत. पोथीकाराने नेमकं कोणतं अंग तेही नोंदवलंय, ते मी इथे देत नाही. आता तिथे विमानतळ आहे.

कॅथेड्रलमध्ये वेदीच्या मागून जिना चढून संताच्या पुतळ्याला पाठीमागून मिठी मारायची असते. खाली बसलेल्यांना दिसतं ते असं की संताच्या खांद्यांवर दर मिनिटाला नवे हात उगवतात. त्याच्या खाली अस्थी. त्यांची कथाही ऐकून ठेवा: 1589 मध्ये इंग्रज दर्यासरदार ड्रेक येतोय या भीतीने त्या लपवल्या, आणि इतक्या चांगल्या लपवल्या की 1879 पर्यंत सापडल्याच नाहीत. तोवर यात्रा चालूच होती. 1884 मध्ये पोप तेराव्या लिओंनी याच त्या अस्थी म्हणून शिक्कामोर्तब केलं. वर सांगितलेली पोथीही 2011 मध्ये चोरीला गेली आणि वर्षभराने तिथेच वर्षानुवर्षं काम केलेल्या इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजात सापडली. या कॅथेड्रलमध्ये वस्तू हरवतात, पण परत येतात. पाप सोडून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

छताला टांगलेली पन्नासेक किलोची धूपदाणी, बोताफुमेइरो, आठ माणसं दोराने ओढून या टोकापासून त्या टोकापर्यंत झुलवतात. यात्रेकरूंच्या अंगाचा वास मारण्यासाठी ती केली, असं सांगतात. ती रोज झुलत नाही. सणाच्या दिवशी, किंवा कोणी देणगी भरली तर. तुम्ही भरू नका. जवळच्या हॉटेलात एखादा श्रीमंत पर्यटकांचा गट उतरलाय का बघा आणि त्यांच्या वेळेला जाऊन बसा.

शेवटी प्रमाणपत्र. ते फुकट असतं, लॅटिनमध्ये असतं, आणि त्यावर तुमचं नावही लॅटिन वळणाने लिहितात, त्यामुळे भिंतीवर लावलं की पाहुणे वाचू शकत नाहीत, फक्त मान डोलावतात. कशासाठी चाललात, असं तिथे विचारतात. धार्मिक किंवा आध्यात्मिक म्हटलं तर हे प्रमाणपत्र. वजन कमी करायला, असं खरं सांगितलं तर दुसरा, साधा कागद. तेव्हा बिनदिक्कत आध्यात्मिक म्हणा. या थापेचं पाप लागेल, पण पुढचं पवित्र वर्ष 2027 आहे. तेही हुकलं तर 2032.