जाहिराती कापू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एकच वाद पेटतो. पुण्याचा दादा ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’मधला, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचा एखादा तुकडा टाकतो आणि खाली लिहितो, आताच्या मालिका बंद करा, हे पुन्हा दाखवा. त्याची मुलगी तिथल्या तिथे उत्तर देते: बाबा, तुमच्याकडे एकच चॅनल होतं, दुसरं काही बघायलाच नव्हतं, म्हणून ते थोर वाटतं. मग काकू, मावसभाऊ, सगळे उतरतात. मी न्यू जर्सीत सकाळच्या चहाबरोबर हे वाचते. तीस वर्षं बाहेर राहून माझं मत असं झालंय, की भांडण मालिकांवरून चाललंय आणि त्यात खरी हरवलेली वस्तू कुणाला आठवतच नाही.

‘साप्ताहिकी’ आठवा. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबई दूरदर्शन पुण्यात आमच्या घरी दिसायचं. निवेदिका समोर बसून येत्या आठवड्यात काय काय लागणार ते सांगायची, मधेच एखाद्या कार्यक्रमाची झलक दाखवायची. बाबा हातात पेन घेऊन बसत. कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या खाड्यांशेजारी, बारीक अक्षरात ‘गजरा’ किंवा एखाद्या नाटकाचं नाव लिहून ठेवत. कुकर कधी लावायचा, शेजारच्या आजींना कधी बोलवायचं, हे त्या चौकोनावरून ठरे. पुढे काय येणार हे सगळ्या वाड्याला एकाच वेळी कळत असे.

१९९३ च्या सप्टेंबरात मी अमेरिकेत आले. इथे नवा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, आणि एनबीसी या चॅनलने गुरुवारच्या रात्रीसाठी ‘मस्ट सी टीव्ही’ हे घोषवाक्य तेव्हा नुकतंच काढलं होतं. ‘साइनफेल्ड’ ही विनोदी मालिका आधीपासून चालूच होती, पुढच्या वर्षी ‘फ्रेंड्स’ आणि ‘ईआर’ आल्या. त्यांचे प्रोमो आठवडाभर चालत. एखादा भरदार पुरुषी आवाज, दोन वाक्यं, एक अर्धवट तोडलेलं भांडण, आणि शेवटी वार आणि वेळ.

गुरुवारी संध्याकाळी मला कॉलेजात क्लास असे, त्यामुळे मला त्या मालिका बघायलाच मिळत नसत. बघितले ते प्रोमो. पण शुक्रवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी सगळे त्यावरच बोलत, तेव्हा पात्रांची नावं मला ठाऊक असत, कोण कुणावर चिडलंय तेही ठाऊक असे. मी एवढंच विचारायचे: मग, पुढे काय झालं? त्या एका प्रश्नावर मला इथल्या पहिल्या दोन मैत्रिणी मिळाल्या. माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकी होतं, हवामान आणि कामाच्या पलीकडे कुणाशी काय बोलावं ते सुचत नसे. गाव उद्या कशावर बोलणार आहे, हे प्रोमो मला आदल्या दिवशी सांगून ठेवत.

गेल्या वर्षी आमच्या शेजारी नाशिकची एक मुलगी राहायला आली. तिचा फोन तिला तेच दाखवतो जे ती नाशिकला बघत होती. माझा फोन मला मराठी नाटकांचे तुकडे दाखवतो. समोरच्या घरातले लोक काय बघतात याचा आम्हा दोघींना पत्ता नाही, आणि त्यांना आमचा नाही. आपल्याकडच्या चॅनलांचे प्रोमोही आता फोनवरच फिरतात, ज्याने मालिका धरली आहे त्याच्याचकडे पुन्हापुन्हा येतात, आणि लग्नात काय विघ्न येणार ते महाएपिसोडच्या आधीच सांगून मोकळे होतात. दादाला काहीतरी गेल्याचं दुःख होतं ते खरं दुःख आहे. त्याला त्याचं नाव मात्र सापडलेलं नाही.

भाचीचंही एक म्हणणं मला मान्य करावं लागतं. ‘सगळे बघतात’ असं प्रोमो सांगत, त्या ‘सगळ्यां’मध्ये कोण होतं? न्यूयॉर्क-शिकागोत घडणाऱ्या त्या मालिकांत आमच्यासारख्या चेहऱ्याचं माणूस जवळपास दिसतच नसे. दूरदर्शनवरही शहरी, पुण्या-मुंबईची मराठी सगळीकडे, आणि गावाकडचा माणूस ‘आमची माती आमची माणसं’च्या वेळेत. एकाच चॅनलचे दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही.

पण आठवणीचं पुढे काय करायचं, याबाबतीत इथल्या साध्या माणसांकडून घेण्यासारखं आहे. चॅनलवाल्यांकडून नव्हे, त्यांनीही निष्काळजीपणाच केला. जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’ या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाची न्यूयॉर्कमधली पहिली दहा वर्षं, १९६२ ते १९७२, बहुतेक पुसली गेली, कारण टेप महाग होत्या आणि त्यांच्यावरच पुढचं रेकॉर्डिंग होई. १९६७ चा पहिला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, दोन चॅनलांनी दाखवला आणि दोघांनीही जपला नाही. जपलं ते लोकांनी. घरी टीव्हीवरून रेकॉर्ड करून नंतर बघणं कायदेशीर आहे, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी १९७९ पासून २०१२ साली मरेपर्यंत घरातल्या अनेक व्हीसीआरवर रात्रंदिवस टीव्ही रेकॉर्ड केला. सुमारे ७१,००० कॅसेटी. बातम्या, जाहिराती, प्रोमो, काहीही न कापता. आज इथले लोक एकमेकांना जुन्या मालिका कमी आणि जुन्या गुरुवारच्या मधल्या तीस सेकंदांच्या झलकाच जास्त पाठवतात. मालिका विकत मिळते. झलक फक्त कुणाच्या तरी तळघरातल्या कॅसेटवर असते. कधीकधी मालिकाही तिथेच खरी असते: ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही रेडिओ स्टेशनवरची मालिका पुढे विक्रीला आली तेव्हा गाण्यांचे हक्क परवडेनात, म्हणून तिच्यातली कितीतरी मूळ गाणी काढून दुसरीच घातली गेली.

आपल्याकडे २८ मार्च २०२० ला, लॉकडाउनमध्ये, ‘रामायण’ परत लागलं. १९८७ च्या रविवार सकाळी जसं होतं तसंच, असं सगळे म्हणाले. तसंच नव्हतं. मालिका आली, पण तिच्या आधीची निवेदिका आणि मधल्या साबणाच्या, वॉशिंग पावडरच्या जाहिराती आल्या नाहीत. पुण्यात १९६४ पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सिनेमांबरोबर पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपतं, कारण सिनेमा लोकांपर्यंत कसा पोचला हेही इतिहासात मोडतं हे तिथल्या लोकांना कळलं होतं. टीव्हीच्या झलका, निवेदनं, प्रक्षेपण तुटलं की लागणारी ‘व्यत्यय’ची पाटीसुद्धा, याच मानाने जपायला हवी. जुन्या मालिका पुन्हा दाखवा ही दादाची मागणी मला फार छोटी वाटते.

माझी आई १९९९ पासून ‘आभाळमाया’ रेकॉर्ड करून पाठवायची. पुण्याहून कुणी येणार असलं की त्याच्या बॅगेत तीन तासांच्या दोन कॅसेटी. टीव्हीचं चित्र पाठवण्याची भारतातली पद्धत तेव्हा पाल, अमेरिकेतली एनटीएससी, म्हणून आम्ही खास दोन्ही चालवणारा व्हीसीआर घेतला होता. जास्त भाग मावावेत म्हणून आई प्रत्येक जाहिरातीला रेकॉर्डिंग थांबवायची, आणि मी फोनवर तिचं कौतुक करायचे. फक्त एका कॅसेटवर तिचं लक्ष उडालं, बहुधा दारात कुणी आलं असावं. त्यावर सलग चाळीस मिनिटं सगळं आहे. लोणच्याच्या मसाल्याची जाहिरात, साड्यांचं दुकान, गणपतीच्या शुभेच्छा, पुढच्या सोमवारपासून सुरू होणाऱ्या मालिकेचा प्रोमो, मग पुन्हा तोच प्रोमो. आई गेल्यावर मी त्या सगळ्या कॅसेटी एकदा लावल्या. मालिकेचे भाग मी पळवत पुढे नेले. ती चाळीस मिनिटं तीनदा बघितली. संध्याकाळी साडेसातला आमच्या घरात काय वाजत होतं, ते तेवढ्यातच उरलंय.

व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या शेवटच्या कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवलं. आमचा अजून चालतो, पण त्याचं टेप वाचणारं हेड घासलं की चित्रावर पट्टे येतात. पुण्याच्या दमट पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरते. दादाच्या माळ्यावर एक खोका आहे, त्यात आईच्या न पाठवलेल्या पंधरा-वीस कॅसेटी आहेत. वहिनी दिवाळीत माळा आवरायचा म्हणतेय. मी काल दादाला फोन केला. म्हटलं, वर काय लिहिलंय ते बघून निवड करू नकोस, ‘जाहिराती’ म्हणून बाजूला काढलेली असेल ती सर्वांत आधी ठेव, आणि खोका जमिनीवर ठेवू नकोस. मी डिसेंबरात येतेय, एक बॅग रिकामी घेऊन.