किंमत इनबॉक्समध्ये

नाशकात सध्या दोनच प्रकारची माणसं उरली आहेत. ज्यांचं पुस्तक नुकतंच आलंय ती, आणि ज्यांनी घरगुती मसाले सुरू केलेत ती. सिडकोतल्या काही घरांत दोन्ही माल एकाच डायनिंग टेबलावर पॅक होतो, त्यामुळे कवितासंग्रहाला कांदा-लसूण चटणीचा वास येतो आणि समीक्षक त्याला ‘मातीचा गंध’ म्हणतात. या मंडळींना ऑनलाइन मार्केटिंग शिकवणं हे माझं काम. पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, फॉलोअर्स कसे वाढवायचे?’ ऑर्डर कशी घ्यायची, हा प्रश्न मात्र कुणालाच पडत नाही.

पोस्ट बघा. चटणीचा फोटो, त्यावर ज्वाळांचे इमोजी, खाली ‘आईच्या हातची चव’. एखादं भोळं गिऱ्हाईक विचारतं, ‘किंमत?’ उत्तर येतं, ‘इनबॉक्स केलंय ताई.’ अहो, सराफ बाजारात सोन्याचा भावसुद्धा पाटीवर लिहितात. चटणीत असं काय गुपित आहे? पोस्टमध्येच वजन, किंमत, कुरिअरचा खर्च, कुठपर्यंत पोचवता आणि कोणत्या नंबरवर ऑर्डर द्यायची, एवढं लिहा. ज्वाळा नंतर लावा. आणि नाशिकरोडच्या माणसाला पाव किलो चटणीसाठी ‘गंगापूर रोडला येऊन घेऊन जा’ म्हणू नका. त्याच्या दृष्टीने तो परगावचा प्रवास असतो.

लेखकांची तऱ्हा निराळी. त्यांना ग्रुप काढायचा असतो. ‘अमुकतमुक वाचक परिवार’ नावाच्या ग्रुपमध्ये सोसायटी, शाळेचे वर्गमित्र, गॅसवाला आणि व्याही यांना न विचारता कोंबलं जातं. व्हॉट्सॲप एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावू देतं, म्हणून तेवढी भरलीच पाहिजेत असं नाही. संध्याकाळपर्यंत निम्मा परिवार घर सोडून गेलेला असतो. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ जण बसतात आणि प्रत्येकाला मेसेज एकट्याला आल्यासारखा येतो. मेख एकच, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. म्हणून ‘हा नंबर सेव्ह करा’ ही ओळ पाकिटावर, बुकमार्कवर, बिलावर छापून घ्या. कुणी ‘कवी, उचलू नये’ या नावाने सेव्ह केला, तरी चालतं. मेसेज जातो.

नंबर घरचा नको, वेगळा घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप, टाका. त्यात कॅटलॉग आहे, तो भरा: एक वस्तू, एक फोटो, एक किंमत. फोटो सकाळी खिडकीपाशी, मागे पांढरा कार्डपेपर धरून काढा. फ्लॅश लावला की प्लास्टिकचं पाकीट चकाकतं आणि चटणी जप्तीतला मुद्देमाल वाटते. पत्ता, दर, कुरिअर ही रोजची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवून ठेवा. स्लॅश दाबून शॉर्टकट टाइप केला की अख्खा मजकूर हजर. दुपारी दोन ते चार विश्रांती घ्यायची तर खुशाल घ्या, पण ‘अवे मेसेज’, म्हणजे तुम्ही नसताना आपोआप जाणारं उत्तर, लावून घ्या. गिऱ्हाईक घोरणं समजून घेतं. निळे टिक उमटूनही उत्तर नसलं, तर मात्र दुसरीकडे जातं.

गुगल मॅपवरची नोंद फुकट आहे, म्हणूनच बहुधा तिच्याकडे कुणी बघत नाही. दुकानाच्या नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेवढंच नाव लिहायचं असतं. ‘नाशिकमधील सर्वोत्तम पैठणी ड्रेस मटेरियल ब्लाउज पीस होलसेल’ असं आगगाडीएवढं नाव दिलं, तर नोंद स्थगित होऊ शकते. घरून धंदा असेल आणि लोक घरी यायला नको असतील, तर पत्ता लपवा आणि ‘सेवा क्षेत्र’, म्हणजे माल जिथे पोचवता तो भाग, भरा. नाहीतर रविवारी ऐन जेवणाच्या वेळी कुणीतरी बेल वाजवून म्हणतो, ‘मॅपवर ओपन दाखवतंय.’ मावशी, आत्या, दोन्ही मेहुण्यांकडून पाच-पाच तारे घेऊ नका, आणि रिव्ह्यूच्या बदल्यात सवलतही देऊ नका. दोन्ही गोष्टी नियमात बसत नाहीत. शिवाय सगळ्या रिव्ह्यूंत ‘खूप छान, असेच लिहीत राहा’ असेल आणि दुकान हार्डवेअरचं असेल, तर वाचणाऱ्याला कळतंच.

आता पैशांचं. फेसबुक पोस्टखालचं ‘बूस्ट’चं, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, बटण दाबण्याआधी कागद घ्या. पुस्तक २५० रुपयांचं. छपाई ९०, कुरिअर ५०, खोका-टेप १०. उरले १००. एक प्रत खपवायला जाहिरातीवर १०० पेक्षा जास्त खर्च झाला, तर तुम्ही वाचकाला पैसे देऊन वाचायला लावताय. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे हजार रुपयांतून साधारण ८४७ रुपयांचीच जाहिरात होते. बूस्ट बहुतेकदा लाइक करणारी माणसं शोधतं, आणि लाइक करणारी माणसं वेगळी, विकत घेणारी वेगळी. हे प्रकाशन समारंभाला बटाटेवडा खाऊन गेलेली गर्दी पाहिलेल्या कुठल्याही लेखकाला सांगावं लागू नये. त्याऐवजी ॲड्स मॅनेजर, म्हणजे फेसबुकचं जाहिराती लावायचं पान, उघडून ‘एंगेजमेंट’ हे उद्दिष्ट घ्या आणि त्यात मेसेजचा पर्याय निवडा. ताजा खाद्यपदार्थ असेल तर नकाशावर आपल्या घरी पिन रोवून आठ-दहा किलोमीटरचा घेर द्या. पुस्तकाला महाराष्ट्रभर जाऊ द्या, ते आंबत नाही.

ई-बुक काढणाऱ्यांसाठी एक खास मराठी संकट आहे. ॲमेझॉनच्या किंडलवर पुस्तकाचा साधारण पहिला दहा टक्के भाग नमुना म्हणून फुकट वाचता येतो. पुस्तक १६० पानांचं असेल तर सोळा पानं. आपल्याकडे त्या सोळा पानांत काय असतं? अर्पणपत्रिका, प्रकाशकाचं निवेदन, आमदारांचा शुभेच्छा संदेश, माजी प्राचार्यांची प्रस्तावना, मनोगत आणि अडीच पानी ऋणनिर्देश. वाचक बिचारा आमदारांपाशीच पोचतो आणि नमुना संपतो. कथा कशी आहे, ते प्राचार्यांनाच ठाऊक. हे सगळं उचलून शेवटी न्या. प्राचार्य रागावतील, पण ते विकत घेणार नव्हतेच. ई-बुक चढवताना कीवर्डचे, म्हणजे वाचक ज्या शब्दांनी शोधतो त्यांचे, सात रकाने मिळतात, त्यांत पुस्तकाचं नाव पुन्हा भरण्यात अर्थ नाही. ‘ग्रामीण कथा’, ‘नाशिक’ असं वाचक शोधेल ते लिहा. आपला माणूस बोलतो मराठीत, पण शोधताना बऱ्याचदा इंग्रजी अक्षरं बडवतो, म्हणून पुस्तकाचं नाव वर्णनात दोन्ही लिप्यांत असू द्या. वर्णन डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टमधून चिकटवू नका, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. नाहीतर तुमची कादंबरी परग्रहावरच्या भाषेत दिसते.

पोस्टरबद्दल थोडक्यात: अकरा मान्यवरांचे फोटो लावताना कार्यक्रमाची वेळ आणि कुसुमाग्रज स्मारक की कालिदास कलामंदिर, यालाही जागा ठेवा. आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाची ऑफर काढणार असाल, तर ती २७ च्या सकाळी जाहीर करू नका. त्या दिवशी सगळ्यांचीच असते, शिवाय सगळे शुभेच्छा पाठवण्यात गुंतलेले असतात. आठवडाभर आधी सांगा.

इतकं झाल्यावर गिऱ्हाईक खरोखर पैसे द्यायला येतं. पाकिटावर नाव ‘आजीचे मसाले’, क्यूआर स्कॅन केला की पडद्यावर येतं जावयाचं नाव. गिऱ्हाईक दचकतं, फसवणूक समजून मागे फिरतं. कारण यूपीआयवर नाव दिसतं ते खातेदाराचं. एकतर धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा, नाहीतर क्यूआर पाठवतानाच खाली लिहा: ‘पैसे भरताना जावईबापूंचं नाव दिसेल, घाबरू नका. माणूस बरा आहे.’