खुलासा: टोकियो स्टेशन काँडर यांनी बांधलेलं नाही

‘टोकियो स्टेशनची लाल विटांची इमारत जोसाया काँडर या इंग्रजाने बांधली,’ असा फोटोसकट मेसेज फिरतोय. परवा मीही तो दोन ग्रुपवर टाकला. चूक माझी.

त्या स्टेशनचे वास्तुकार तात्सुनो किंगो. स्टेशन सुरू झालं डिसेंबर १९१४ मध्ये. तात्सुनो हे काँडर यांचे विद्यार्थी, बहुधा गोंधळ तिथूनच झाला. काँडर १८७७ मध्ये, पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, लंडनहून टोकियोच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला आले. १८७९ ची त्यांची पहिली बॅच चौघांची, त्यात तात्सुनो. पुढे गुरूंच्या जागी प्राध्यापकही तेच झाले. काँडर मात्र परतले नाहीत. कावानाबे क्योसाई यांच्याकडे चित्रकला शिकले, १९२० मध्ये टोकियोतच वारले.

मेसेजमधला फोटो नीट पाहिला, तर तो स्टेशनचा नाहीच! तो जवळच्याच मित्सुबिशी इचिगोकान या लाल विटांच्या इमारतीचा आहे. मूळ इमारत काँडर यांचीच, १८९४ ची. ती १९६८ मध्ये पाडली. आजची इमारत त्याच आराखड्यावरून पुन्हा उभारलेली. स्टेशन ओळखायचं तर लाल विटांमधले पांढरे आडवे पट्टे आणि दोन्ही टोकांचे घुमट बघा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याखाली हा खुलासा टाका.